३८० फुटांवर पाणी सापडेना, मग २९०० किलोमीटरवरचा गाभा कुणी बघितला?

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. प्रश्न बावळट वाटला तर सांभाळून घ्या.

गेल्या आठवड्यात सड्यावरच्या (डोंगरमाथ्यावरच्या कातळी माळावरच्या) कलमांत बोअर मारली. आधी पाणाड्या आणला. तो तळहातावर नारळ ठेवून बागभर फिरला, एका जागी नारळ उभा राहिला, तिथेच चुन्याने फुली मारली. वर जांभा, त्याखाली पिवळी-गुलाबी चिकण माती, मग काळा कातळ. १५० फूट, २०० फूट, ३०० फूट. ३८० ला गाडीवाला म्हणाला, "दादा, नुसता भुगा येतोय, अजून मारायची तर मारतो, पैसे तुमचे." थांबवली.

लेक यंदा नववीला. ती शेजारी बसून भूगोलाचं पुस्तक चाळत होती. भूकवच, प्रावरण, गाभा, रंगीत चित्र. मला म्हणते, "बाबा, ३८० फुटांवर काय आहे हे त्या काकांना तिथं पोचेपर्यंत माहीत नव्हतं. मग २९०० किलोमीटरवर गाभा सुरू होतो हे कुणी बघितलं?"

मी ऐटीत सांगितलं, "भूकंपाच्या लहरींवरून कळतं." ती म्हणाली, "कसं?" आणि आपली बत्ती गुल.

तर कुणी सांगेल का? रात्री जेवताना सांगता येईल असं. सूत्रं नकोत.

तिरफळ

पाणाड्याक परत बोलवा. ह्या खेपेक नारळ जरा मोठो घेवा.

निवृत्त_मास्तर

सड्यावरचा, तुझ्या घरात उत्तर आहे. आईला विचार, झाडावरचा फणस तयार झालाय हे न कापता कसं कळतं? बोटाच्या पेरांनी वाजवून. कच्चा फणस टणटण वाजतो, तयार झाला की डबडब. आत काय आहे ते आवाज आत जाऊन बघून येतो आणि आपल्याला सांगतो. भूकंप म्हणजे पृथ्वीच्या फणसावर मारलेली टिचकी. एका जागी टिचकी, आणि जगभर ठिकठिकाणी कान लावून बसलेली यंत्रं.

आता ९वीच्या मुलीला एवढं पुरणार नाही हे मला माहीत आहे. ३४ वर्षं शिकवलंय. पुढचं जाणकारांनी घ्यावं.

पुणेरी_वाटाड्या

फणसाचं ठीक आहे, कारण आईने शंभर फणस कापून बघितलेत. पृथ्वी कुणी एकदा तरी कापली का? नसेल तर हे सगळं अंदाजपंचे दाहोदर्से.

वाशिष्ठी

वाटाड्या, हा मुद्दा खरंच चांगला आहे. त्याकडे नंतर येते, आधी मुलीचं उत्तर. (ओळख: शिक्षण भूभौतिकीत, दहा-बारा वर्षं सर्वेक्षणाच्या तुकड्यांबरोबर रानोमाळ. आता चिपळुणात घरी.)

एसटीचं उदाहरण घेऊ. समजा, मी कराडच्या स्थानकात बसलेय. चिपळूण-कराड गाडीला किती वेळ लागतो ते मला पाठ आहे. आज गाडी तासभर उशिरा आली. कुठं अडकली, ते एका गाडीवरून नाही सांगता येणार. पण पाटणहून निघालेली गाडी वेळेवर आली, गुहागरहून चिपळूणला येणारी वेळेवर पोचली, आणि फक्त कुंभार्ली घाट चढून येणाऱ्या सगळ्या गाड्यांना उशीर झाला, तर मी जागेवरून न उठता सांगेन की घाटात दरड आलीय. दरड मी पाहिलेली नाही. गाड्यांच्या वेळा पाहिल्यात.

भूकंपाच्या लहरी म्हणजे या गाड्या. भूकंप कुठे आणि किती वाजता झाला ते काढता येतं. लहर जगातल्या शेकडो केंद्रांवर कधी पोचली ते यंत्र सेकंदाच्याही अंशात नोंदतं. खडक घट्ट आणि ताठर असेल तर लहर जोरात जाते, तापलेला किंवा वितळलेला असेल तर रेंगाळते. हजारो भूकंप, लाखो वाटा, एकमेकींना छेद देणाऱ्या. प्रत्येक वाटेवरचा उशीर किंवा घाई मांडत गेलं की 'घाट' कुठे आहेत त्याचा नकाशा तयार होतो. दवाखान्यात सीटी स्कॅन करतात तेही असंच. अनेक बाजूंनी किरण सोडायचे आणि गणिताने आतलं चित्र जुळवायचं.

तिरफळ

मुंबई-गोवा हायवेचो सीटी स्कॅन केलो तर सगळोच तांबडो येतलो.

खाडीपलीकडे

+१ तिरफळ. धागा भरकटण्याआधी मीच भरकटवतो: पेणच्या अलीकडे सध्या काय स्थिती? शनिवारी निघायचंय.

पोफळीकर

मी इथं सहसा लिहीत नाही, वाचतो. पण हा विषय आमच्या अंगावरून गेलाय.

११ डिसेंबर १९६७. मी आठ वर्षांचा. पहाटेचे चार वाजून गेले होते, थंडी कडक. आमचं घर चिपळूणच्या बाजूला, मातीच्या भिंती, वर नळे. मला जाग आली ती आवाजाने. लांबून मालट्रक यावा तशी घरघर, आणि मडक्यांवरच्या झाकण्या बारीक थरथरल्या. आजोबा म्हणाले, "कोण आलं रे एवढ्या पहाटे?" एवढं वाक्य पुरं झालं आणि मग घर असं आडवं हललं की नळे सरकून खाली. आईने मला उचलून खळ्यात आणून टाकलं. कुत्री रडत होती. तिकडे कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेच्या वर माणसं गेली, हे आम्हाला मागाहून कळलं. पुढे कित्येक दिवस आम्ही बाहेरच झोपलो.

मला इतकी वर्षं पडलेलं कोडं हे की आधी घरघर आणि मग हिसका, असे दोन भाग का? बऱ्याच लोकांना विचारलं. "धरणाचं पाणी आधी हललं" असं एकाने सांगितलं होतं, ते पटलं नव्हतं.

वाशिष्ठी

काका, तुमच्या आजोबांच्या एका वाक्यात भूकंपशास्त्राचा पहिला धडा आहे.

भूकंपातून दोन तऱ्हेच्या लहरी पोटातून निघतात. पहिली प्राथमिक: दाबत-सोडत पुढे जाते, ध्वनीसारखी. ती वेगवान, म्हणून आधी पोचते आणि घरघर ऐकू येते ती बरेचदा तिचीच. दुसरी दुय्यम: दोरी झटकल्यावर तिच्यातून लाट जाते तशी आडवी हलवत जाते. ती मागून येते आणि घरं ती पाडते. दोघींमधलं अंतर सेकंदांत मोजून साधारण ८ ने गुणलं की भूकंप किती किलोमीटरवर झाला ते कळतं. "कोण आलं रे एवढ्या पहाटे" म्हणायला साडेतीन-चार सेकंद लागतात. चार आठे बत्तीस. चिपळूण ते कोयनानगर सरळ रेषेत ३० किलोमीटरच्या आसपास. आजोबांनी अंतर बरोबर मोजलं होतं.

पोफळीकर

ताई, हे वाचून दोन मिनिटं गप्प बसलो. आजोबा जाऊन चाळीस वर्षं झाली.

कातळवेडा

या दोन लहरी वेगळ्या ओळखण्याची गोष्ट आपल्याच देशातली आहे. १२ जून १८९७ ला शिलाँगच्या पठाराखाली प्रचंड भूकंप झाला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातले रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम यांनी त्याचा अभ्यास केला. युरोपातल्या यंत्रांनी त्या भूकंपाच्या नोंदी केल्या होत्या. त्या ताडून बघताना त्यांच्या लक्षात आलं की आधी एक लहर, मग दुसरी, मग पृष्ठभागावरून लोळत येणारी तिसरी, असा क्रम ठरलेला आहे. पुढे १९०६ मध्ये त्यांनीच मांडलं की पृथ्वीच्या आरपार जाणाऱ्या लहरींना मधल्या भागात जास्तीचा वेळ लागतो, म्हणजे आत निराळ्या पदार्थाचा गाभा असला पाहिजे. गाभ्याचा पहिला पुरावा हा. २९०० किलोमीटर हा आकडा मात्र त्यांचा नाही, तो १९१४ च्या सुमारास बेनो गुटेनबर्गने काढला. आज २८९१ धरतात. शंभर वर्षांत चूक निघाली ती नऊ किलोमीटरची!

आणखी गंमत: मुंबईच्या कुलाब्याच्या वेधशाळेतही १८९८-९९ च्या सुमारास मिल्नचं भूकंपमापक बसलं होतं. म्हणजे आपला किनारा या कामाला पहिल्यापासून कान लावून आहे.

पुणेरी_वाटाड्या

इतिहास छान. पण "जास्तीचा वेळ लागतो" यावरून "आत वितळलेलं लोखंड आहे" इथपर्यंत उडी कशी मारली? मला ती उडीच पटत नाही.

वाशिष्ठी

उडी नाही, पायऱ्या आहेत, आणि प्रत्येक पायरी वेगळ्या माणसाने चढलेली.

पहिली पायरी: दुय्यम लहर द्रवातून जाऊ शकत नाही. सोलकढीत पळी आडवी फिरवा, कढी हलेल, पण "मला पूर्वीच्या जागी यायचंय" असा हट्ट ती धरणार नाही. आडवं हलवलं की परत ओढून घेण्याची ताकद घन पदार्थात असते, द्रवात नसते. ती ताकद नाही तर आडवी लाट नाही.

दुसरी: भूकंपाच्या जागेपासून गोलावर १०४ अंशांच्या पलीकडे, म्हणजे साडेअकरा हजार किलोमीटरच्या पुढे गेलात तर थेट येणारी दुय्यम लहर गायब होते. प्राथमिकही १०४ पासून १४० अंशांपर्यंत नीट दिसत नाही, मग पुन्हा उगवते. कारण प्रावरणाच्या तळाशी तिचा वेग सेकंदाला पावणेचौदा किलोमीटरच्या घरात असतो, आणि गाभ्यात शिरताक्षणी तो आठावर येतो. वेग असा पडला की वाट वाकते, पाण्यात धरलेली काठी वाकडी दिसते तशी. वाकलेल्या वाटा पलीकडे एकत्र निघतात आणि मधे सावलीचा पट्टा उरतो. हॅरोल्ड जेफ्रीज यांनी १९२६ मध्ये दाखवलं की गाभा द्रव धरल्याशिवाय हिशोब जुळत नाही.

तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते. सावलीच्या पट्ट्यात काहीच यायला नको होतं, पण कुठेकुठे अगदी क्षीण लहरी उमटत होत्या. बहुतेकांनी त्याकडे काणाडोळा केला. डेन्मार्कच्या इंगे लेहमान यांनी नाही केला. १९२९ च्या न्यूझीलंडमधल्या भूकंपाच्या नोंदी घेऊन त्या बसल्या. संगणक नव्हता. वेळा पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहून ओटच्या रिकाम्या खोक्यांत लावून ठेवायच्या, असं त्यांच्या नात्यातल्याने लिहून ठेवलंय. १९३६ मध्ये त्यांनी सांगितलं की द्रव गाभ्याच्या आत आणखी एक गोळा आहे, त्यावर आपटून या लहरी येताहेत. अंतर्गाभा. त्याची त्रिज्या साधारण १२२० किलोमीटर. बाई १०४ वर्षं जगल्या.

शेवग्याची_शेंग

ओटच्या खोक्यात अख्खी पृथ्वी! आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात फक्त सुईदोरा निघतो.

ताई, एक शंका. शाळेत शिकले होते की कवचाखाली सगळा लाव्हा उकळतोय, त्यावर खंडं तरंगतात. मग द्रव फक्त बाह्यगाभाच कसा?

वाशिष्ठी

हा गैरसमज सगळीकडे आहे. प्रावरण घन आहे. दुय्यम लहरी त्यातून खुशाल जातात, हाच पुरावा. पण घन असूनही ते लाखो वर्षांत हळूहळू वाहतं. डांबराचा गोळा हातोडीने मारला तर तुकडे होतात, तोच उन्हात पत्र्यावर ठेवा, दुपारपर्यंत पसरतो. भूकंपाची लहर म्हणजे हातोडी, खंडांचं सरकणं म्हणजे ऊन. एकच पदार्थ, घाई केली तर दगड, सबुरी ठेवली तर काकवी.

गुहागरवासी

इथे एक स्थानिक भर. भूकंपाची वाट बघत बसायला नको म्हणून माणसं स्वतःच टिचक्या मारतात, त्या आमच्या गावात मारल्या गेल्यात.

१९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने कोयनेच्या परिसराची पाहणी केली. दोन रेषा आखल्या: एक गुहागरपासून घाटापलीकडे चोरोचीपर्यंत, दुसरी दापोली तालुक्यातल्या केळशीपासून लोणीपर्यंत. भोकं पाडून त्यांत सुरुंग उडवायचे आणि रेषेवर मैलोन्‌मैल कानयंत्रं लावून ठेवायची. वडील सांगायचे, आमच्या मळ्यातून काळी वायर गेली होती आणि राखण करायला पोरं बसवली होती. एक दिवस शेजाऱ्यांची म्हैस वायर घेऊनच खाजणात शिरली. म्हशीच्या पायांचे ठोके कुठल्याशा कागदावर भूकंप म्हणून उमटले असणार, असं वडिलांचं ठाम मत होतं.

कातळवेडा

गुहागरवासी, म्हशीचा वाटा मान्य. त्या पाहणीतून कळलं ते असं की काळ्या कातळाचा, म्हणजे बेसाल्टचा थर किनाऱ्याकडे जाड आहे आणि पूर्वेला पातळ होत जातो, आणि कवचाचा तळ साधारण ३५ ते ४० किलोमीटरवर आहे. या तळाला मोहो म्हणतात, क्रोएशियाच्या मोहोरोविचिचवरून. त्याने तो १९०९ मध्ये भूकंपाच्या नोंदींतूनच शोधला.

आणि वाटाड्या, "कुणी कापून बघितलं का" याचं अर्धंमुर्धं उत्तर कोयनेत आहे. तिथे भूकंपांच्या अभ्यासासाठी गोठणे इथं ३ किलोमीटर खोल भोक पाडलं. सव्वा किलोमीटरपर्यंत बेसाल्ट, थरांवर थर, आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक. मधे गाळाचा थर असेल का, यावर बरीच वर्षं चर्चा होती. तिथे तो सापडला नाही.

पुणेरी_वाटाड्या

३ किलोमीटर. पृथ्वीच्या केंद्रापर्यंतच्या ६३७१ पैकी. अभिनंदन.

कातळवेडा

जगातलं सगळ्यात खोल, रशियातलं कोला, १२,२६२ मीटर. १९७० ला सुरू केलं, खाली १८० अंशांची आच लागली आणि छिद्रण थांबलं. मास्तरांच्या फणसाच्या मापात बसवलं तर ते भोक पाव मिलिमीटरच्या जरा वर भरतं. काट्याचं टोकही ओलांडत नाही. म्हणून तर वाजवून बघायचं.

पुणेरी_वाटाड्या

ठीक, थरांपुरतं मान्य करतो. पण हल्ली जी लाल-निळी चित्रं येतात, आफ्रिकेखाली लाल डोंगर, अमुक खंडाखाली निळी बुडालेली पाटी, ती बघितली की मला रंगपंचमी आठवते. एक चित्र दुसऱ्याशी जुळत नाही.

वाशिष्ठी

अर्धं मान्य. रंग आपण दिलेले असतात. लाल म्हणजे सरासरीपेक्षा मंद, निळं म्हणजे सरासरीपेक्षा वेगवान, आणि खोल प्रावरणात हा फरक बहुतेक ठिकाणी एक-दोन टक्क्यांचा. चित्र बघून वाटतं की आत होळी पेटलीय. शिवाय वाटा सगळीकडे सारख्या नाहीत. भूकंप होतात ते ठरावीक पट्ट्यांत, यंत्रं बहुतेक जमिनीवर, समुद्राखाली फार थोडी. जिथं गाड्याच धावत नाहीत तिथला रस्ता कसा आहे हे वेळापत्रकावरून सांगता येत नाही. बारीकसारीक तपशील या नकाशात एक आणि त्या नकाशात वेगळे, हे खरं आहे.

पण ठळक गोष्टी सगळ्यांच्या नकाशांत येतात. आफ्रिकेखाली आणि प्रशांत महासागराखाली, गाभ्याला टेकून, खंडाएवढे दोन मंद प्रदेश आहेत. याबद्दल आता वाद नाही. वाद आहे तो ते नुसते तापलेले आहेत की मुळात वेगळ्या पदार्थाचे.

निवृत्त_मास्तर

मला माझ्याच उदाहरणात दुरुस्ती करू दे. फणस तयार झाला की नाही ते वाजवून कळतं. कापा की बरका, ते नाही कळत. त्यासाठी झाड माहीत असावं लागतं. लहरीचा वेग कळला म्हणजे पदार्थ कळला असं नव्हे, बरोबर ना ताई?

वाशिष्ठी

गुरुजी, असं वाक्य मला एकाही परीक्षेत लिहिता आलं नाही. अगदी बरोबर.

गाभा लोखंडाचा हे वेगावरून एकट्यावरून ठरत नाही. पृथ्वीची सरासरी घनता पाण्याच्या साडेपाच पट आहे, आणि आपल्या पायाखालचा दगड पावणेतीन-तीन पट. म्हणजे पोटात काहीतरी फार जड असलंच पाहिजे. लोखंडी उल्का सापडतात. चुंबकीय क्षेत्र आहे, त्याला वाहता धातू लागतो. हे 'झाड' माहीत करून घेणं झालं. मोठ्या भूकंपानंतर तर अख्खी पृथ्वी देवळातल्या घंटेसारखी घुमत राहते. २६ डिसेंबर २००४ च्या सुमात्राच्या भूकंपानंतर ती फुगायची आणि आकसायची, एकेक फेरी साडेवीस मिनिटांची, आणि यंत्रांना ते कित्येक आठवडे दिसत होतं. त्या घुमण्यावरून आतल्या घनतेचा अंदाज येतो.

खाडीपलीकडे

म्हणजे त्सुनामीनंतर आपण सगळे आठवडेच्या आठवडे वरखाली होत होतो आणि कुणाला पत्ता नाही?

वाशिष्ठी

होय. मिलिमीटरच्याही आतलं, पण होत होतो.

कातळवेडा

वाटाड्याच्या लाल डोंगराचा आपल्याशी संबंध आहे बरं का. आपला सह्याद्री सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. तेव्हा भारत बराच दक्षिणेला होता, आणि आज जिथे रियुनियन बेट आहे त्या उष्ण जागेवरून सरकत होता. आपण उत्तरेला निघून आलो, चूल तिथेच राहिली. तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे. २०१२-१३ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांनी त्या बेटाभोवती समुद्रतळावर ५७ भूकंपमापकं ठेवली होती, या चुलीची मुळं किती खोल जातात ते बघायला. ती सरळ खाली न जाता तिरकी होत आफ्रिकेखालच्या त्या मोठ्या मंद प्रदेशाकडे जाताना दिसतात. मी कातळशिल्पं बघत सड्यावर फिरतो तेव्हा पायाखाली जांभा असतो, त्याखाली तो बेसाल्ट ज्याचा तो जांभा झाला, आणि तो ज्या चुलीवर रटरटला ती अजून हजारो किलोमीटरवर पेटलेली. मला हे फार भारी वाटतं.

शेवग्याची_शेंग

मग तुरळ, राजवाडी, उन्हवरे इथली गरम कुंडं त्याच चुलीची का?

कातळवेडा

नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तिथं खडक नैसर्गिकच गरम असतो (किलोमीटरला २५-३० अंश वाढ धरा), तापून दुसऱ्या भेगेतून वर येतं.

खाडीपलीकडे

आणि राजापूरची गंगा?

कातळवेडा

तो वेगळा धागा काढा. मागच्या वेळी काढला होता तेव्हा तीनशे प्रतिसाद झाले आणि दोघांनी सदस्यत्व सोडलं.

हर्णैचा_वारा

आम्ही मासेमारीतले, भूकंपातलं कळत नाही. पण 'गाज' हा शब्द इथं अजून कसा आला नाही याचं नवल वाटतं. आमचा म्हातारा पावसाळ्यात ओटीवर बसून नुसत्या गाजेवरून सांगायचा की लाट बारीक आहे की मोठी, आणि गाज कुठल्या अंगाने येतेय. मे अखेरीला वारा पडलेला असताना जड गाज आली की तो होड्या वर ओढायला लावायचा. तर ताई, समुद्र दिवसरात्र किनाऱ्यावर आपटतो, ती टिचकी नाही का? भूकंपाची वाट का बघायची?

वाशिष्ठी

दादा, तुमच्या वडिलांना त्या वेळी कुणी विचारलं असतं तर बरं झालं असतं! भूकंपवाल्यांनी कित्येक दशकं या गाजेला कटकट म्हणून शिव्या घातल्या. समुद्राची लाट बारा सेकंदांची असली तर जमीन बरेचदा सहा सेकंदांच्या तालात हलते, कारण समोरासमोरून आलेल्या लाटा भिडतात तेव्हा तळावरचा दाब दुप्पट वेगाने वरखाली होतो. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आतल्या यंत्रांवरही ही थरथर दिसते. मोसमी पाऊस सुरू झाला की ती वाढते.

२००४-०५ च्या सुमारास लोकांनी दाखवून दिलं की दोन केंद्रांवरची ही कटकट महिनोन्‌महिने साठवून एकमेकींशी ताडून बघितली, तर त्यातून एका केंद्रावरून दुसऱ्याकडे जाणारी लहर गाळून काढता येते. भूकंपाशिवाय, सुरुंगाशिवाय. आता कवचाचे नकाशे काढायला ही पद्धत सर्रास वापरतात. गाज ऐकून जमिनीच्या आतलं बघायचं.

हर्णैचा_वारा

म्हातारा हसला असता. म्हणाला असता, मी तर फुकट ऐकत होतो.

सड्यावरचा

मंडळी, तीन रात्री जेवताना हाच विषय आहे. एसटी आणि सोलकढी एकदम चालली. कोयनेच्या आजोबांची गोष्ट ऐकून माझी आई रडली, तिलाही तो भूकंप आठवतो.

पण लेकीने पुन्हा पेचात पकडलंय. "बाबा, २९०० किलोमीटरवरचं दिसतं तर मग ३८० फुटांवरचं पाणी का नाही दिसलं?" म्हणजे फिरून धाग्याच्या शीर्षकावरच आलो.

तिरफळ

माका पण ताच विचारूचा होता. ह्या सगळा समाजला, पण बोअर खय मारूची ता कोण सांगतलो?

हर्णैचा_वारा

याचं उत्तर मी देऊन बघतो, चुकलं तर ताई सांगतील. जाळ्याची आस (म्हणजे जाळ्याचं भोक) जेवढी, तेवढं मासळं. सुरमईच्या जाळ्यात जवळा राहत नाही.

वाशिष्ठी

चुकलं नाही, याहून बरं मला सांगता आलं नसतं. पृथ्वीच्या आरपार टिकून येणाऱ्या लहरींची आस मोठी आहे. एकेका लहरीची लांबी दहा किलोमीटर, कधी शंभर. त्यात खंडाएवढी गोष्ट अडकते. सड्याखालची वीतभर भेग, जिच्यात पाणी असतं, ती निसटते. बारीक आस हवी तर बारीक टिचकी मारावी लागते, आणि बारीक लहर लांब जात नाही, लगेच विरते. जमिनीवर लोखंडी पाट ठेवून घणाने ठोका मारायचा, रांगेत कानयंत्रं लावायची, की वरची माती किती आणि पक्का खडक कुठून ते वीस-तीस मीटरपर्यंत कळतं. धरणांच्या, पुलांच्या पायासाठी हे करतात. पाण्यासाठी मात्र बहुधा वीज सोडून बघतात: जमिनीत चार सळ्या ठोकायच्या, दोनांतून वीज सोडायची, उरलेल्या दोनांवर मोजायची. ओला थर वीज सहज जाऊ देतो, कोरडा कातळ अडवतो. चिकण मातीही वीज जाऊ देते, म्हणून तिथे फसायला होतं, आणि तुमच्याकडे चिकण माती आहेच. खात्री कुणीच देऊ नये. पण पुढची बोअर मारण्याआधी एकदा करून घ्या.

पुणेरी_वाटाड्या

शेवटी नारळ बरा की सळ्या बऱ्या, याची दोघांनी एकाच सड्यावर चाचणी घ्यावी. मी पुण्याहून पंच म्हणून येतो. जेवण सड्यावरच्यांकडे.

सड्यावरचा

जरूर या. सळ्यांचं पावसाळा संपल्यावर करायचं ठरलंय.

ताजी बातमी: काल पहिली सर आली. लेकीने फोनमधलं हलणं मोजणारं अॅप लावून फोन ओटीवर ठेवला आणि भावाला अंगणात पाट्याचा वरवंटा टाकायला लावला. मग फोन मागच्या मातीच्या खळ्यात ठेवून तेच केलं. तिचं म्हणणं, कातळावर रेघ एकदा उडून लगेच थांबते, मातीत थोडा वेळ हेलकावत राहते. वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय. ओटचं खोकं आमच्याकडे नाही, तिने चपलांचं घेतलंय.

फणस आईने वाजवला, तयार आहे म्हणाली, कापला, तयार निघाला. आणि वहीत सगळ्यात मोठी रेघ नोंदलीय ती, आजी फणस घेऊन ओटीवरून गेली तेव्हाची.

तिरफळ

आजयेची तीव्रता किती ती लिवलीच नाय.